जीपगाडीच्या पोटातले पाणी

जो सर्वांच्या आधी पूजला जातो आणि ज्याच्या विशाल उदरात सारे काही सामावते, त्या मंगलमूर्तीला वंदन करून हे लिहायला बसलो आहे. आज माघ शुद्ध चतुर्थी. सकाळी तिळाच्या लाडवांचा नैवेद्य झाला. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातून रंगाचा वास येऊ लागला, आणि त्या वासाबरोबर गेल्या दसऱ्यापासून आमच्या घरात घडलेली एक हकिगत क्रमाने आठवत गेली. ती एका जुन्या जीपगाडीच्या पोटाची आहे. देवाच्या दिवशी हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. उदर हेच ज्याचे भूषण, त्याला तो परका वाटणार नाही अशी माझी समजूत आहे.

मी पेणला राहतो. शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. आता ओळखीच्या घरी पूजा सांगतो. माझा धाकटा भाऊ रोह्याजवळ आमच्या शेतावर राहतो. पावसाळ्यात भात, आणि भात कापले की जमिनीच्या त्याच ओलीवर वाल, असा त्याच्या वर्षाचा क्रम. त्याचे घर डांबरी रस्त्यापासून बरेच आत, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यापलीकडे आहे. ओढ्यावर पूल नाही. पात्रात मोठे गोटे आहेत, आणि पावसाळा सरल्यावरही पुष्कळ दिवस त्यातून गुडघाभर पाणी वाहते. भावाचे गुडघे आता त्याला पार नेत नाहीत. ते काम चारही चाकांनी जोर लावणारी त्याची जुनी गाडी करते. पत्नी गेल्यापासून तो तिथे एकटाच असतो. मुलगा पुण्याहून प्रेमाने बोलावतो, आणि दर वेळी भावाचे उत्तर ठरलेले असते, “गाडी चालते तोवर मी इथं.”

दसऱ्याला त्या गाडीची पूजा माझ्या हातून होते. यंदाही बॉनेटवर स्वस्तिक काढले, चाकांना हळदकुंकू लावले, आपट्याची पाने वाहिली. हार घालताना एक झेंडूचे फूल सुटून गाडीखाली गेले. वाहिलेले फूल चाकाखाली जाऊ नये म्हणून मी वाकलो, मग जमिनीवर बसलो, आणि फुलाकडे हात नेता नेता माझी नजर वर गेली. इतकी वर्षे मी या गाडीच्या मुखाची पूजा केली होती. पोट कधी पाहिले नव्हते. तिथे सगळीकडे तांबूस पापुद्रे सुटले होते. एकाला बोट लावले, तर तो आंब्याच्या खोडाच्या सालीसारखा हातात आला.

वैद्यकात जुन्या लोखंडाच्या या मळाला मंडूर म्हणतात, आणि अंगात रक्त कमी असलेल्या माणसाला त्याचे भस्म देतात. जे लोखंडाला खाते तेच माणसाला पोसते, हा विचार मनात येऊन मी तो पापुद्रा हातात धरून काही वेळ तसाच बसलो. भाऊ वरून म्हणाला, “दादा, फूल सापडलं का गाडी आवडली?”

दुसऱ्या दिवशी रोह्यातला मिस्त्री आला. गाडीखाली सरपटत जाऊन तो हातोडीने जागोजाग ठोकू लागला. कुठे घंटेसारखा स्वर येई, कुठे ओल्या लाकडासारखा.

“चासी धरून हाय,” तो खालूनच म्हणाला. “एक आडवी पट्टी गेली. ती कापून दुसरी जोडतो. बाकी घासून रंगवलं तर चालंल. नाय रंगवलं तर पुढल्या वर्षी माझ्याकडं आणू नका, भंगारवाल्याकडं न्या.”

चासी म्हणजे गाडीचा कणा, हे मला त्या दिवशी समजले. पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि या सांगाड्यावर बाकी सारे ठेवलेले. तुळया आतून पोकळ असतात, हेही त्यानेच सांगितले. एवढा भार वाहणारी वस्तू पोकळ असावी याचे मला नवल वाटले.

“रंग कोण लावणार?” भावाने विचारले.

“रंग कशाला? जळकं ऑइल मारतो खालून, विषय संपला.”

“ते ओढ्यात उतरंल. गुरं पितात ते पाणी.”

“मंग गुरांनाच सांगा रंगवायला,” मिस्त्री म्हणाला आणि हात पुसत उठला. पट्टी मात्र त्याने त्याच आठवड्यात चोख जोडून दिली.

तो गेल्यावर भाऊ पडवीत बसला. समोर भात पिवळे पडू लागले होते. “ही गेली तर दुसरी घेत नाय आता,” तो शांतपणे म्हणाला. “वाल पेरायच्या आत काय ते ठरू दे. नायतर पेरत नाय. पुण्याला जातो.” त्याने हे रागाने म्हटले असते तर मी समजूत घातली असती. तो शेताकडे पाहत होता.

पेणला आमच्या घरासमोर ज्याचा कारखाना आहे तो मूर्तिकार माझा जुना शेजारी. विसर्जनानंतर त्याच्या कामाला थोडी उसंत मिळते. मी सहज त्याच्याजवळ हा विषय काढला. त्याने हातातली मूर्ती खाली ठेवली.

“गुरुजी, खालून कशी दिसते ती?”

“दिसण्यासारखी नाही.”

“मंग आणाच. कॉम्प्रेसर हाय, रंगाची गन हाय, हात मोकळा हाय.” आणि माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली असावी, म्हणून तो पुढे म्हणाला, “मूर्तीची पाठ भिंतीकडं असते. कोण बघतंय? पण माझ्या कुठल्याबी मूर्तीच्या पाठीवर बोट फिरवा.”

मी फिरवले. पाठ पोटाइतकीच गुळगुळीत होती.

भावाने गाडी रोह्याहून नागोठणे, वडखळ करत पेणला आणली. कारखान्याच्या ओट्यासमोर जमिनीत एक रुंद चर आहे. मोठ्या मूर्ती चढवायच्या वेळी टेम्पो त्या चरात उतरवतात. मग टेम्पोचा तळ ओट्याच्या पातळीला येतो आणि मूर्ती न उचलता आत सरकवता येते. त्या चरावर दोन लोखंडी गर्डर आडवे टाकले आणि गाडी त्यांच्यावर चढवली. मूर्तिकार चरात उभा राहिला की गाडीचे पोट त्याच्या डोक्यावर येई. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. मला तिथे काहीच काम नव्हते, पण उठवत नव्हते.

आधी माती निघाली. मी ती केवळ चिखल समजत होतो. मूर्तिकाराच्या लेखी ती माती होती, आणि मातीत त्याचा जन्म गेलेला. ढेकळ फोडून तो बोटांत चोळी आणि मला दाखवी. “ही वरची काळी, तुमच्या भातशेतातली. ही तांबडी, डोंगराच्या वाटंची. आन् ही बघा.” सर्वांत आत, लोखंडाला चिकटून, राखाडी रंगाचा एक थर होता, त्यावर पांढरी झाक. त्याने तो जिभेला लावला. “खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची. ही गाडी आधी कोणाकडं होती?”

भावाला आठवले. त्याने ती घेतली तेव्हा ती खाडीच्या बांधांवर मिठाच्या कामाला चालत असे. म्हणजे इतकी वर्षे ओढ्याच्या गोड्या पाण्यातून जाऊनही तिच्या पोटाशी खाडीचे मीठ तसेच होते. गाडीचा पूर्वजन्म असा तिच्या अंगावरून वाचता यावा, याने मी अगदी हरखून गेलो.

मग घासकाम सुरू झाले. मूर्तिकाराची पत्नी आतल्या बाजूला मूर्तींचे दागिने रंगवते. थोड्या वेळाने ती ब्रश घेऊनच बाहेर आली. “हा तुमचा गंज माझ्या ओल्या सोंडांवर बसतोय.”

“अगो, ताडपत्री टाक ना मधी.”

“टाकते. तुमच्यावरच टाकते.”

ताडपत्री आली. घासलेल्या लोखंडावर गंजाचे औषध लावले, तेव्हा तांबडा रंग माझ्या डोळ्यांदेखत निळसर काळा होत गेला. त्यावर रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर खड्डे बुजवायची लांबी, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा लांबी. जिथे गंजाने खड्डे पाडले होते तिथे त्याने पृष्ठभाग असा भरून काढला की बोट कुठे अडखळू नये. तुळयांच्या खालच्या बाजूला अंतराअंतरावर काही भोके होती. त्याने तीही भरली. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मूर्तीला भोक म्हणजे ओलीला आत शिरायची वाट. आधी वाट बंद करायची, मंग रंग.” मला ते पटले. शेवटी काळा रंग चढला आणि गाडीचे पोट काळ्या पाषाणाच्या मूर्तीसारखे चमकू लागले.

भाऊ गाडी न्यायला आला, तेव्हा चरात उतरून बराच वेळ वर पाहत राहिला. “तोंडापेक्षा पोट छान झालंय,” तो म्हणाला. मूर्तिकाराने गनची नळी गुंडाळली. तो प्रसन्न असला की असाच काहीतरी गुंडाळत बसतो.

दिवाळी गेली. भात कापून झाले. वालाचे बी भावाने काढून ठेवले असेल असे मी धरून चाललो होतो. एका सकाळी त्याचा फोन आला.

“दादा, गाडीच्या पोटात पाणी बोलतंय.”

मी एसटीने रोह्याला गेलो. त्याने मला गाडीत बसवून ओढ्यापर्यंत नेले आणि ब्रेक लावला. गाडी थांबली. मग, गाडी थांबल्यानंतर, आमच्या पायांखालून पुढच्या बाजूला एक लाट गेल्यासारखा आवाज आला आणि परत मागे गेला. देवळातल्या अभिषेकपात्रात पाणी हलावे तसा तो मऊ आवाज होता. आम्ही सीटखालचा पाण्याचा डबा बाहेर काढला, तरी आवाज होताच. डिझेलच्या टाकीला कान लावला, ती नव्हे. शेवटी मी पोते अंथरून गाडीखाली आडवा झालो आणि भावाला गाडी मागेपुढे हलवायला सांगितले. डावीकडच्या तुळईला कान लावला, आणि पाणी माझ्या कानावरून वाहत गेले.

ती भोके पाण्याला आत घेण्यासाठी नव्हती. आत शिरलेले पाणी बाहेर जावे म्हणून होती. ओढा ओलांडताना पाणी तुळईच्या वरच्या फटींतून आत शिरतच होते. आता त्याला खाली उतरायला जागा नव्हती. शंकराच्या देवळात गोमुख ओलांडू नये म्हणून मी आयुष्यभर अर्धी प्रदक्षिणा घालून परतत आलो. पिंडीवरचे पाणी कुठल्या वाटेने बाहेर जाते, याला आमच्याकडे एवढा मान. आणि ती वाट माझ्यासमोर बुजवली गेली, तेव्हा मला तिची ओळख पटली नव्हती.

मिस्त्रीला बोलावले. त्याने खाली वाकून पाहिले आणि तो तिथेच बसून हसू लागला. “कोणी बुजवली ही भोकं? गाडीचा गणपती केलात की.” मग हसू आवरून म्हणाला, “कवापासून पाणी हाय आत?”

“भात कापल्यापासून रोज ओढा ओलांडतोय,” भाऊ म्हणाला.

“मंग आतून काय झालंय ते मी सांगू शकत नाय. बाहेरचा रंग काय बोलत नाय आतलं.”

भावाने वालाच्या बियाण्याच्या पिशवीकडे पाहिले. ती पडवीच्या खांबाला बांधलेलीच होती. “जाऊ दे,” तो म्हणाला. “वाफसा चालला निघून. आता पेरून तरी काय करू.”

मिस्त्री ड्रिल आणायला उठला. मी त्याला थोपवले. ज्याने भोके बुजवली त्याने ती उघडावीत, असे मला वाटले. न सांगता त्याच्या कामाला हात लावणे बरे दिसले नसते. मी मूर्तिकाराला फोन केला. आधी तो म्हणाला, “माझ्या कामात पाणी राहायचं नाय, गुरुजी.” दुपारी तो पत्नीला मागे बसवून मोटारसायकलवरून आला. थेट गाडीखाली गेला. भावाने गाडी हलवली. तो कान लावून पडून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“मूर्तीची भोकं अशीच भरतो आपण,” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

त्याची पत्नी ओढ्याकडे पाहत उभी होती. ती म्हणाली, “तुमचे गणपती पाण्यात जातात ते परत येत नाय. ही रोज जाते न रोज परत येते. एवढा फरक नाय आला ध्यानात?”

“तू तरी कुठं बोललीस तवा?”

“मला ताडपत्रीमागं बसवलं होतंत.”

मिस्त्री पुन्हा हसला, पण या वेळी त्यात बोचरेपणा नव्हता. मूर्तिकाराने पिशवीतून कोरणी काढली. मूर्तीच्या बोटांमधली माती कोरायची ती बारीक लोखंडी कोरणी घेऊन तो पुन्हा खाली गेला, आणि आपल्याच गुळगुळीत कामावर बोट फिरवत त्याने बुजलेल्या भोकाची जागा शोधली. ती शोधायला त्याला वेळ लागला, इतके ते काम नीट झाले होते. कोरणी घुसली. लांबीचा तुकडा पडला आणि पाणी सुटले.

“थांबा, जमिनीवर जाऊ देऊ नका,” तो ओरडला. “ताट द्या, परात द्या, काय असंल ते.”

भावाने परात सरकवली. पाणी गढूळ होते, आणि परातीत ते तांबूस दिसत होते. मिस्त्रीने मान हलवली. मूर्तिकार मात्र परात घेऊन पडवीत गेला आणि ती सावलीत ठेवून समोर बसला. माती गाळताना तो असाच बसतो, हे मी पेणला पाहिले होते. पाणी निवळेपर्यंत मातीविषयी काही म्हणायचे नाही, हा त्याच्या धंद्यातला नेम. आम्ही सगळेच मग बसलो. भावाने चहा केला. परातीतले पाणी हळूहळू वरून निवळ होत गेले आणि तळाशी गाळ बसला. मूर्तिकाराने वरचे पाणी अलगद ओतून टाकले, गाळ चिमटीत घेतला आणि चोळला. मग आणखी एक चिमूट घेतली.

“काळी हाय,” तो म्हणाला. “भाताची. मधी थोडी डोंगराची तांबडी. गंज असता तर बोटाला खरखर लागली असती, पापुद्रे निघाले असते. बघा.” त्याने मिस्त्रीच्या तळहातावर गाळ ठेवला.

मिस्त्रीने तो चोळून पाहिला, उन्हात धरला. कणभर गंज त्यात होता. जुन्या लोखंडाच्या आत असतो तेवढा, असे तो म्हणाला. पण मातीवर त्याचा भरवसा नव्हता. तो हातोडी घेऊन गाडीखाली गेला आणि दोन्ही तुळया या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेला. आम्ही पडवीत बसून ऐकत होतो. दसऱ्यानंतर ऐकलेला तो घंटेसारखा स्वर प्रत्येक ठिकाणी येत होता. पाणी निघून गेल्यामुळे तो मला अधिक मोकळा वाटला, पण तो माझ्या मनाचा खेळही असेल.

“वाचली,” मिस्त्री बाहेर येत म्हणाला. “आणखी एक पावसाळा पाणी राहिलं असतं तर मी आलोच नसतो.”

भाऊ उठला, खांबाची पिशवी सोडली आणि मुठीत वालाचे बी घेऊन शेतात उतरला. ओल अजून आहे का हे पाहायला त्याने आधी टाचेने माती उकरली. मग तिथेच वाकून पहिले बी टोचले. परत आला तेव्हा म्हणाला, “उद्या माणसं लावतो.” पुण्याचा विषय त्याने काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा पेणला आली. उरलेली भोके उघडली, तुळयांच्या आत कॉम्प्रेसरची हवा मारून त्या वाळवल्या, आणि मिस्त्रीने सुचवले तसे आतून पातळ मेणाचे औषध फवारले. काम संपले असे वाटून मी घरी निघालो होतो. मूर्तिकाराने हाक मारली.

“गुरुजी, आखणी राहिलीय.”

मूर्तीच्या डोळ्यांची रेघ शेवटी काढतात, तिला आखणी म्हणतात. गाडीला कसले डोळे, म्हणून मी चरात डोकावलो. तो बारीक ब्रश घेऊन काळ्या पोटावर प्रत्येक भोकाभोवती शेंदरी कडे काढत होता. हात न थरथरता, श्वास रोखून, मूर्तीचे डोळे आखतो तसाच.

“पुन्हा कोणी बुजवू नये म्हणून,” तो म्हणाला.

मी चरात उतरलो. वर पाहिले, तर काळ्या आभाळात शेंदरी कडी एका रांगेत चमकत होती, आणि प्रत्येकीच्या मध्ये एक उघडी, काळी, रिकामी जागा होती. देहाला नऊ द्वारे आहेत असे आपण नेहमी म्हणतो, आणि ती आवरून धरायला शिकतो. त्यांतली काही केवळ सोडून देण्यासाठी आहेत, याचा विचार मी त्या दिवसापूर्वी इतक्या सावकाश कधी केला नव्हता.

आज नैवेद्यानंतर थोड्या वेळाने भाऊ रोह्याहून आला. दारात गाडी लावताना त्याने ब्रेक मारला, आणि आम्ही दोघांनी सवयीने कान दिला. काही ऐकू आले नाही. मागच्या सीटवर वालाच्या शेंगांची पिशवी होती. माझ्या सूनबाईने ती आत नेली. मी पूजेतले एक जास्वंदीचे फूल घेतले आणि हळूच वाकून गाडीच्या पोटाखाली ठेवले. भाऊ म्हणाला, “दादा, तिथं कोण बघणार?” आणि त्याने स्वतःच ते जरा आत, मधोमध सरकवले.

वाचकहो, त्या लंबोदराची कृपा तुमच्यावर आणि तुमच्या घरातील सर्वांवर राहो. तुमच्या घराचे जे भाग कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत, तेही निकोप राहोत. जे आत साठू नये त्याला वाट मिळो, जे राहावे ते सुखाने राहो, आणि जो पाण्यापलीकडे गेला आहे तो संध्याकाळी कोरड्या पायांनी घरी परत येवो.